छातीवरची हिरवी पट्टी

रेवतीच्या खोकल्यातून गुलाबी फेस आला, तशी हिमशिबिराच्या ताईंनी उडती रुग्णवाहिका बोलावली. पण मुलांच्या छातीवरची पट्टी फुप्फुसात पाणी झाल्याचं सांगत नाही, तोवर रुग्णवाहिका कुणालाच उचलत नसे.

“रेवती ठोसर ठणठणीत आहे,” रुग्णवाहिकेचं यंत्र म्हणालं.

“असं कसं?” ताई ओरडल्या.

रेवतीचे वडील जयवंतराव मान खाली घालून उभे होते. सकाळी पट्टी पिवळी पडली, तेव्हा पोरीचं शिखर हुकू नये म्हणून त्यांनीच ती काढून स्वतःच्या छातीला लावली होती. आता सगळ्या पालकांदेखत त्यांनी स्वेटर वर केला, हिरवीगार पट्टी ओरबाडली आणि लेकीला चिकटवली. पट्टी क्षणात लालभडक झाली.

“बाबा,” रेवती धापा टाकत म्हणाली, “स्वेटर खाली घ्या ना, गारठाल.”