पाटली

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर सुलभाचा उजवा हात सुजला आणि लग्नातली पाटली मनगटात रुतून बसली. डॉक्टर म्हणाले, "कापून काढा."

"सौभाग्याचं लेणं कुणी कापतं का?" म्हणत सासूबाई तेलाची वाटी घेऊन बसल्या. चाळीस बाळंतिणी रगडलेले त्यांचे हात. सुलभाला नाही म्हणवेना. सूज मात्र चढतच गेली.

शेवटी फिजिओथेरपिस्ट आली. तिचा हात मोरपीस फिरवावं तसा मनगटाकडून खांद्याकडे सरकत राहिला. "आजी, साचलेलं पाणी ढकलायचं नसतं, त्याला वाट दाखवायची."

पंधराव्या दिवशी पाटली अलगद निघाली.

"पाटली वाचली!" सासूबाई हरखल्या. "आण, डाव्या हातात चढवते."

सुलभानं डावा हात पदराखाली घेतला. "राहू दे, आई. आत्ता कुठं सुटलेय मी."