गरम फडकं

"वा! पापण्या छान निवळल्यात की, ताई," भिंगातून बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि इस्त्रीवालीचा चेहरा पडला.

मागच्या वेळी ती आली तेव्हा पापण्यांच्या कडा सुजून लालभडक झाल्या होत्या. सकाळी डोळे चिकटलेले, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी कोंडा. गिऱ्हाइकं विचारायची, "काय वहिनी, भांडलात का घरी?" भांडायला वेळ होता कुणाला? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, चोळायचं नाही. गरम, ओलं फडकं सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं मिटल्या डोळ्यांवर ठेवायचं, मग कडा हलक्या हाताने पुसायच्या.

तेव्हापासून दुकानात नवरा ओल्या फडक्याच्या घडीवर इस्त्री फिरवायचा, आपल्या मनगटाला लावून बघायचा आणि तिच्या हातात द्यायचा. ती कपड्यांच्या गाठोड्याला टेकायची. गिऱ्हाईक आलं, तर तो बघायचा. सासूबाईंनी आतून हाक मारली, तरी तोच उठायचा. पोरींची कुरबुर सुरू झाली की म्हणायचा, "गप्प बसा गं, आईचं औषध चाललंय." दिवसाढवळ्या ती अशी बसलेली लग्नापासून कुणी पाहिली नव्हती. "झालं का गं?" असं त्याने विचारलं की ती खुशाल सांगायची, "अजून ऊब आहे."

आणि आता मेल्या पापण्या बऱ्या झाल्या होत्या.

"म्हणजे... शेक बंद?" तिने विचारलं.

"छे, छे! बंद केलात की पुन्हा सुजतील. हे दुखणं मुळापासून जात नाही, ताई. शेक कायमचाच मागे लागला म्हणायचा." बाईंचा सूर अगदी दिलगिरीचा होता.

तिचे डोळे भरून आले. हात वर गेला, पण चोळायचं नाही हे आठवून तो तिने मांडीवर ठेवला.

"अहो, रडताय काय? इतकं मोठं नाहीये हे."

"रडत नाही, बाई. आमचे हे बाहेर बसलेत. त्यांना बोलावून हे सांगता का? कायमचं म्हणालात ना, ते जरा मोठ्याने सांगा."

नवरा आत आला. टेबलाशी उभा राहून त्याने सगळं ऐकून घेतलं. मग मान खाजवत म्हणाला, "पण बाई, दहा मिनिटं कुठली? फडकं तर लगेच गार होतं. इस्त्री मी करतो, मला ठाऊक आहे ना."

तिने मान खाली घातली. चोरी पकडली गेली होती.

"म्हणून म्हणतो," तो पुढे म्हणाला, "दुसरं फडकं तापवून हाताशी ठेवत जाऊ का?"