देवीचं गाडगं

चंदाच्या अंगावर लाल पुरळ दिसलं, तसं मनकर्णाबाईनं पलीकडच्या खोलीतलं गाडगं दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि तिच्या उशाशी ठेवलं. गाडग्यात पाणी होतं, वर कडुलिंबाचा डहाळा. डहाळ्याची पानं काळी पडली होती.

"हे आईच्या उशाशी होतं तेच ना, आत्या?" गोमतीनं विचारलं.

"तेच. तुही माय देवीची बोळवण व्हायच्या आधीच गेली. बोळवण झाल्याबिगर हे पानी सांडता येत नाही. म्या रोज सकाळी वरून ओंजळभर घातलं, आटू नाही देल्लं."

आईला जाऊन सतरा दिवस झाले होते. तेरवी आटोपून गोमती रिठदहून अकोल्याला, आपल्या शाळेत परत निघाली होती. तेवढ्यात तिच्या भावजयीला, चंदाला, ताप भरला. चंदाला सातवा महिना. आज तापाचा चौथा दिवस. ती सारखं एकच म्हणत होती, हाडं मोडून राह्यली, कोनी तरी दाबा.

आईही हेच म्हणत होती, असं भावानं, जगदेवनं, सांगितलं होतं.

गोमतीनं डहाळा बाजूला केला. पाण्यात बारीक किडे वळवळत होते. तिची सावली पडताच ते तळाशी गेले आणि पुन्हा वर आले. गाडग्याच्या आतल्या कडेला एक काळा मच्छर बसला होता. पायांवर पांढरे पट्टे.

"जगदेव, इकडे ये. बघ."

जगदेव वाकला. "किडे पडले."

"ही मच्छरांची पिल्लं आहेत. आईला देवी आलीच नव्हती, जगदेव. देवीचे फोड येतात, त्यांत पाणी भरतं. आईला फोड आले होते?"

"नाही. असेच ठिपके होते. मंग हिरड्यातून रगत..."

"हा हाडमोडी ताप आहे. मी मासिकात वाचलंय. हा मच्छर आजारी माणसाला चावतो आणि आठ-दहा दिवसांनी ज्याला चावेल त्याला तोच ताप देतो. आणि चावतो दिवसा."

"पन सरकारी मानसं तं नालीत तेल टाकून गेले. कुनैनच्या गोळ्या बी देल्ल्या."

"त्या हिवतापाच्या. हा मच्छर नालीत राहत नाही. घरात राहतो, चांगल्या पाण्यात. याच्यावर गोळी नाही. माझ्या ट्रंकेत मच्छरदाणी आहे, ती चंदावर लाव. आणि घरात साठवलेलं सगळं पाणी आजच्या आज ओतायचं. एवढंच आपल्या हातात आहे."

"घ्या!" मनकर्णाबाई म्हणाली. "मळ्यातल्या विहिरीवून पानी आनता आनता बायकाइच्या माना मोडल्या, अन् मास्तरीनबाई सांगून राह्यल्या, ओता! एवढासा मच्छर मानूस मारते? मंग आमी इतकी वर्सं कशी जगलो वो?"

गोमतीनं गाडगं उचललं.

"ठेव खाली. गोमे, देवीचं हाये ते. ठेव म्हनलं ना!"

गोमती अंगणात गेली आणि तिनं गाडगं उन्हात पालथं केलं. तापल्या मातीवर किडे क्षणभर वळवळले. मग तिनं गाडगं धुण्याच्या दगडावर आपटलं. एका आपटीत फुटलं, तरी हातात उरलेला काठ तिनं पुन्हा आपटला.

मनकर्णाबाई ओसरीच्या पायरीवर मटकन बसली. "चंदाचं, तिच्या पोटातल्याचं काही वाकडं झालं तं तुयावर."

"माझ्यावर. अन् माझ्या मायचं कोनावर, आत्या?"

मनकर्णाबाईनं मान वर केली. तिचा आवाज खाली आला होता. "तुले एवढं समजत होतं, तं तवा काहून नाही आली?"

जगदेवचं कार्ड आलं होतं. आक्टोबर १९३७ चा शिक्का होता. घरी देवी आली आहे. बाहेरच्या माणसाने उंबरा ओलांडू नये, असे आत्या म्हणते. तरी तू येऊ नये. कार्ड दोनदा वाचून तिनं ते पुस्तकात ठेवलं होतं आणि पोरींचा तास घ्यायला गेली होती.

"तुमीच लिवलं, येऊ नको," गोमती ओरडली. "देवी हाये, येऊ नको. अन् म्या ऐकलं! एवढी शिकलेली म्या, अन् ऐकलं!"

जगदेव आत गेला. ट्रंकेची कडी वाजली.

ओसरीच्या कोपऱ्यात रांजण होता, अर्धा जमिनीत पुरलेला. गोमतीनं त्याला दोन्ही हातांनी ढकललं. तो हलला नाही. मग तिनं लोटा घेतला आणि पाणी उपसून फेकायला लागली. लोट्यामागून लोटा. कुठं पडतं तेही तिनं पाहिलं नाही.

पाणी ओसरीवरून पायरीवर उतरलं. मनकर्णाबाईच्या पायांना लागलं. तिनं पाय मागं घेतले नाहीत.