दोन हॉर्न

उचगावात जिनेंद्र मगदूमच्या नव्या घरामागं टाकीचा खड्डा काढायचं काम चाललं होतं. छोट्या लोडरवर होता इलाही. या लोडरच्या सीटवर माणूस बसल्याशिवाय आणि पुढचा दांडा मांडीवर ओढल्याशिवाय तो जागचा हलत नाही. काहीजण सीटवर दगड ठेवून त्याला फसवतात. इलाही असल्यांना शिव्या घालायचा. त्याचं ठरलेलं होतं. आधी पट्टा, मग दांडा, मग इंजिन, आणि पुढं कोणी उभं असेल तर बाजूला व्हावं म्हणून दोन हॉर्न.

भरदुपारी खड्ड्याच्या तळाशी जुना पाइप दिसला. इलाहीनं बकेट जमिनीला टेकवली, इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली आणि तो उतरला. सवयीनं मागं बघितलं तर सीटची गादी दबलेलीच होती.

"स्पंज गेला वाटतं," असं पुटपुटत तो खाली गेला. खड्डा अरुंद होता. वर यायला एकच उतार, आणि त्याच्या तोंडाशी लोडर.

तो पाइपभोवतीची माती हातानं काढत असताना वर पट्टा खट्‌कन लागला.

"मालक, गाडीवर चढू नगा!"

"मी हितं हाय की, इलाहीभाई." जिनेंद्रचा आवाज पाठीमागून, दुसऱ्या कडेवरून आला. "गाडीवर कोन न्हाय."

इलाहीनं खिसा चाचपला. चावी होती.

वर दांडा खाली आला. इंजिन सुरू झालं. बकेट सावकाश उचलली गेली.

मग, अगदी त्याच्याच पद्धतीनं, दोन हॉर्न वाजले.