चौकोनातले शिंपले

चांदपाशाच्या घरात आज्यापासून एकच धंदा: नदीतले शिंपले काढायचे आणि भट्टीत भाजून चुना करायचा. पण शहराचा नाला नदीत सोडला, दहा वर्षांत शिंपले संपले आणि भट्टी विझली. नाला बंद करा म्हणून अर्ज करून करून चांदपाशा थकला, तेव्हा कुठं नांदेडहून अक्षरा नावाची पोरगी जिवंत शिंपले मोजायला आली.

तिनं पाण्यात दोऱ्या बांधून चौकोन आखले आणि तीन दिवस त्या काळ्या पाण्यात उभं राहून गाळ चाळला.

"एकही नाही सापडला हो काका," काठावर मटकन बसत ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"लई दमलीस बेटा. उद्या सापडतीलच की."

आपल्या नदीवरनं पोरीनं रिकाम्या हातानं परत जावं, हे काही चांदपाशाच्या जिवाला पटेना. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो सायकलवर नाल्याच्या पार वरच्या बंधाऱ्यावर गेला. तिथल्या नितळ पाण्यातले घमेलंभर शिंपले आणले आणि ती यायच्या आत तिच्या चौकोनांत नीट पेरून टाकले.

"काका, सापडले! कितीतरी आहेत!" ती ओरडली. चांदपाशाला लई दिवसांनी बरं वाटलं.

चार महिन्यांनी त्याच्या अर्जाला उत्तर आलं.

"तपासणीत जिवंत शिंपले भरपूर आढळले असून पाणी स्वच्छ असल्याचे दिसते. सबब, नाला बंद करण्याची गरज नाही."