मायलेकांची पडताळणी

"हे मायलेक नाहीत," फौजदार म्हणाला.

"झालं तुझं सुरू?" मॅडमनी संगणकाच्या पडद्यावरून मानसुद्धा वळवली नाही.

काचेपलीकडे पासष्टीची एक बाई आणि तिशीचा एक उंच गडी शेजारी शेजारी बसले होते.

फौजदार हे त्याचं नाव नव्हे. कागदावर तो संशोधन साहाय्यक. आई आणि मूल मिळून एखादं काम करतात तेव्हा दोघांच्या मेंदूच्या लहरी किती जुळतात, ते ही प्रयोगशाळा मोजायची. लोक मानधनासाठी शेजारणीला आई करून आणायचे, आणि त्यांना पकडायचं काम याचं. मागच्या महिन्यात एक खोटी जोडी त्याच्या हातून निसटली. मॅडमनी सगळ्यांसमोर सुनावलं, "पुन्हा असं झालं तर दुसरीकडे नोकरी बघ." माया मोजणाऱ्यांची जीभ अशी असते.

"जा, विचार काय विचारायचं ते," मॅडम म्हणाल्या. "पण माणसासारखं."

फौजदार आत गेला. खुंट्यांवरून लहरी टिपणारी मधल्या मापाची टोपी काढली आणि बाईच्या उजव्या अंगाला उभा राहिला.

"काकू, मान जरा खाली."

टोपी चपखल बसली. टोपीच्या भोकाभोकातून तो केसांत जेल सोडू लागला. कानामागे जुन्या टाक्यांची खूण होती, तिथे त्याने बोट लागू दिलं नाही.

"हात हलका आहे तुमचा," उंच गडी म्हणाला.

"रोजचं काम आहे."

"आईला डाव्या कानानं ऐकू येत नाही, बरं का. या बाजूनंच बोला."

"बोलतोय की." फौजदारने दुसरी टोपी त्याच्या डोक्यावर जरा जोरातच ओढली. "आईला गोळ्या कसल्या?"

"बीपीच्या. झोपतानाची विसरते. मग मी उशीवरच ठेवतो. गोळी उचलल्याशिवाय डोकं टेकता येत नाही."

"चिडल्यावर काय करते?"

"भांडी घासते. घासलेलीच."

बाई खुदकन हसली. फौजदार हसला नाही.

"लहानपणी तुला लाडानं काय म्हणायची?"

उंच गडी पहिल्यांदाच अडखळला. "नावानंच... म्हणजे असं खास काही नाही."

"काकू, तुम्ही सांगा."

"विसरले," बाई म्हणाली. फौजदारच्या डोळ्यांत बघत म्हणाली.

"मुलं किती तुम्हाला?"

"एक."

"नक्की?"

"एकच जन्माला घातलाय बाबा. त्यात काय चुकायचंय?"

दोघांमध्ये पडदा ओढला. इशारा नाही, बोलणं नाही. दोघांनी एकाच वेळी बटण दाबायचं, एवढाच खेळ. पहिल्या दोनचार खेपा हुकल्या. मग हुकायचंच थांबलं. मॅडमच्या संगणकावर दोन रेघा एकमेकींच्या अंगाला अंग लावून चालल्या. मॅडम खुर्चीवरून उठल्या.

"अख्ख्या वर्षात अशी जोडी मिळाली नाही!"

"पढवून आणलंय, मॅडम. लाडाचं नाव सांगता आलं नाही त्याला."

"माझं मला तरी कुठे आठवतंय? आणि लहरी कशा पढवणार रे? पुरावा असेल तर बोल. नसेल तर सही कर."

फौजदारने पेन उचललं. 'नाते पडताळले' याच्याखाली सही केली.

उंच गडी स्कूटर काढायला खाली गेला. बाई बेसिनवर वाकून केसांतलं जेल धूत होती. फौजदार टॉवेल घेऊन मागे उभा राहिला, उजव्या बाजूला.

"आता इथे कुणी नाही. तो तुमचा मुलगा नाही, काकू."

"तुमचं यंत्र काय म्हणालं?"

"यंत्राला काय कळतंय!"

"तुम्हा शिकलेल्यांचंच यंत्र." तिने केस पिळले. "आमच्या ह्यांना दवाखान्यात यानं नेलं. शेवटपर्यंत बसला उशाशी. ज्याला फोन केला होता तो कामात होता."

फौजदारने टॉवेल पुढे केला. तिने तो घेतला, शांतपणे डोकं पुसलं, घडी घालून परत दिला.

"सही केलीस ना?"

"केली."

"मग झालं तर."

खालून हॉर्न वाजला. बाईने पिशवी उचलली आणि ती दाराकडे निघाली.

"भाडेकरू आहे तो!" फौजदारचा आवाज फाटला. "माझ्या खोलीत राहतो तो, आई!"

ती दारात थांबली, डावा कान त्याच्याकडे केला आणि जिना उतरू लागली.