पायघोळ

"परत लांब झाली?" मास्तरांनी कात्री खाली ठेवत विचारलं.

"इतकी, की घर वेगळं झाडावं लागत नाही," वायरमन म्हणाला.

मशीनवर बसलेली मास्तरांची पुतणी हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. वायरमन जीन्स घेऊन आत गेला.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. पुढे फळ्यांवर निळ्या घड्या, मागे दोन मशीन. कापायचं इथेच, शिवायचं इथेच, म्हणून जीन्स मोठ्या दुकानापेक्षा बरीच स्वस्त मिळायची.

वायरमनचे कपडे आजवर त्याची बायको आणायची. ती गेल्यावर जुनी पँट गुडघ्यावर फाटली, तेव्हा तो पहिल्यांदा इथे आला. मास्तरांनी माप घेतलं, चहा सांगितला, छताचा पंखा का कुरकुरतो ते विचारलं. घरी परतल्यावर वायरमनच्या लक्षात आलं, आज आपला घसा बसलाय. एवढं बोलायची सवयच राहिली नव्हती.

जीन्स बरोबर झाली असती, तर परत यायला निमित्त उरलं नसतं. म्हणून मास्तर उंची घ्यायला लागले की तो टाचा उचलायचा. थोड्याच. पँटीच्या आड कुणाला दिसायचं नाही. जीन्स लांब व्हायची, तो परत यायचा.

पडद्याआड त्याला पुतणीचा आवाज आला.

"काका, दुसऱ्या कुणाची परत येत नाही, यांचीच येते. डोळे दमलेत तुमचे. आता तुम्ही घरी आराम करा."

"घरी काय, भिंतींची मापं घेऊ?"

"चेष्टा नको. ही पुन्हा आली, तर कात्री माझ्याकडे. मग मी काही ऐकणार नाही."

मास्तर म्हणाले, "बरं. तुझं खरं."

वायरमन बाहेर आला. मास्तर गुडघे टेकून बसले. वायरमनने दोन्ही टाचा फरशीवर दाबल्या. सगळा भार टाचांवरच टाकला. मास्तरांनी घोट्याशी खडूची रेघ ओढली.

"पंखा अजून कुरकुरतो बरं का," मास्तर खालूनच म्हणाले.

"तेल घाला दोन थेंब. त्याला माझी गरज नाही."

"असं म्हणता."

पुतणीला उठवून मास्तर स्वतः मशीनवर बसले. पायाची दुमड घातली, जीन्स कागदात गुंडाळून हातात दिली.

"आता बसेल," ते म्हणाले.

"बसेलच. मापात तुमचा हात कोण धरणार?" वायरमन मोठ्याने म्हणाला. पुतणीला ऐकू जावं म्हणून.

तो सावकाश चालत घरी आला. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं नाही. कुलूप काढलं, दिवा लावला. खुर्ची एकच रिकामी होती, दुसरीवर बायकोची शाल होती. ती तशीच ठेवून त्याने उभ्यानेच जीन्स चढवली.

पायघोळ जीन्स टाचेखाली आली.

तो खाली वाकला. खडूची पांढरी रेघ घोट्याशी, अगदी जागेवर होती. दुमड तिच्या चार बोटं खाली घातली होती.